ट्यूबचं नाव नको, खालची बारीक अक्षरं वाचा

वाचक लिहितात: "काकू, आम्ही डोंबिवलीला राहतो. गणपतीत दहा दिवस गुहागरजवळच्या गावी जातो. गेल्या वर्षी माळ्यावरून मखराचं सामान काढताना यांना मनगटाजवळ गांधीलमाशी चावली. सासूबाईंनी लगेच चुना लावला, दिरांनी लोखंड घासलं. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, म्हणून बाजारातल्या दुकानातून एक मलम आणि तीन प्रकारच्या गोळ्या आणल्या. पाच-सहा दिवसांनी सूज उतरली. यांना बीपीची गोळी चालू आहे. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला डास चावला तरी रुपयाएवढी गांध उठते आणि खाजवून खाजवून रक्त येतं. घरात आता पाच ट्यूबा जमल्यात, पाचवीवरचं नाव पुसलंय. यंदा गावी न्यायला सगळ्यांना चालेल असं एकच चांगलं मलम सांगा."

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. सगळ्यांना चालेल असं एकच मलम मी सांगणार नाही. दुकानात ज्या ट्यूबला 'सगळ्यावर चालते' म्हणतात, तिचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवलं. पावसाळा लागला की रोज चार-पाच माणसं हात पुढे करून उभी राहायची, "काहीतरी चावलंय, ट्यूब द्या." काय चावलं, कधी चावलं, लावायची कोणाला, हे मी पुढे विचारायला लागले. सुरुवातीची काही वर्षं विचारत नव्हते. त्याचं काय झालं ते ट्यूबांपाशी आल्यावर सांगते. आधी तुमच्या यजमानांचा हात.

गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. मधमाशीचा काटा मात्र कातडीत रुततो आणि त्याच्या टोकाला विषाची पिशवी लटकत राहते. ती पिशवी माशी उडून गेल्यावरही विष आत ढकलत असते आणि पहिल्या वीस-तीस सेकंदांत बहुतेक विष उतरून जातं. तेव्हा मधमाशी असेल तर नखाने, कार्डाच्या कडेने, चिमटीने, जसा निघेल तसा काटा ताबडतोब काढायचा. चिमटीत धरू नका, खरवडूनच काढा, असं पूर्वी शिकवायचे. तपासून पाहिल्यावर दिसलं की पद्धतीने फारसा फरक पडत नाही, उशिराने पडतो. चिमटा शोधायला घरात जाणं म्हणजे सगळं विष अंगात घेणं.

लोखंड घासल्याने बरं वाटतं ते लोखंड गार असतं म्हणून. पण मधमाशीचा काटा आत असताना घासलं तर पिशवी पिळली जाते, आणि गंजका विळा असला तर घासून सोललेल्या कातडीत घाण जाते. चुन्याचं वेगळं. मधमाशीचं विष आम्ल आणि गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून एकावर सोडा आणि दुसरीवर लिंबू, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण विष कातडीच्या आत सोडलेलं असतं आणि त्रास देणारी त्यातली मुख्य द्रव्यं प्रथिनं असतात. वरून लावलेला चुना तिथवर पोचत नाही. तो वरची कातडी मात्र भाजतो. चुन्याने भाजलेला डाग आणि डंख यांची सरमिसळ झाली की डॉक्टरांनाही कळत नाही की सूज कशाची.

मग करायचं काय? साबण-पाण्याने धुवायचं. बोटातली अंगठी, हातातलं कडं, घड्याळ सूज चढायच्या आधी काढायचं. पुढे अंगठी कापावी लागलेले हात मी पाहिलेत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा, थोडं थांबून पुन्हा. बर्फ नसेल तर विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. हात उशीवर उंच ठेवायचा. ठणका सोसत नसेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी, सहा-सहा तासांच्या अंतराने, लिव्हरचा आजार नसेल तर. पहिल्या दिवसाचं बहुतेक काम एवढ्यात होतं आणि त्यात ट्यूब कुठेच आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत आलेली सूज बघून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. काही जणांचं शरीर डंखाला असं जोरात उत्तर देतं. सूज दोन दिवस वाढत जाते, लाल आणि गरम होते, आणि उतरायला आठवडाही घेते. हुबेहूब पू धरल्यासारखं दिसतं, पण बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग नसतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२० साली कीटकदंशाबद्दल डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. डंखानंतर झपाट्याने आलेली लाली आणि सूज बहुधा दाहाची किंवा ॲलर्जीची असते, संसर्गाचं लक्षण नसेल तर अँटिबायोटिक देऊ नका, असं त्यात सांगितलं आहे. संसर्ग साधारण दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढतो. उतरायला लागलेलं दुखणं पुन्हा वाढतं, पू येतो, लाल रेघ वर चढते, ताप येतो. तेव्हा डॉक्टर.

तुम्हाला दिलेल्या तीन गोळ्यांची नावं तुमच्या पूर्ण पत्रात आहेत, वर छापलेली नाहीत. एक अँटिबायोटिक, तेही तीन दिवसांचं. त्याची गरज नव्हती असं मला वाटतं आणि ते चिठ्ठीशिवाय द्यायलाही नको होतं. दुसरी 'सुजेची गोळी' म्हणजे डायक्लोफेनॅक आणि सेराटिओपेप्टिडेझ. यातल्या डायक्लोफेनॅकने बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि काही बीपीच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसऱ्या औषधाने सूज उतरते याला भक्कम पुरावा नाही. यजमानांना ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका. तिसरी सेटिरिझिन, ॲलर्जीच्या खाजेवरची. ती ठेवा, तिच्याकडे मी येतेच.

आता ट्यूबा. हे वाचताना पाचही समोर घेऊन बसा आणि उलट्या करा.

मोठ्या ठळक अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिलेले असतात, तेच खरं औषध. तुम्ही नावं कळवलेल्या चारांपैकी दोन ट्यूबांत तीन-तीन, चार-चार औषधं एकत्र आहेत. एक स्टिरॉइड, एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची. खाज कशाचीही असो, काहीतरी लागू पडेल असा हा हिशोब. शेवटच्या अक्षरांवरून बरंच ओळखता येतं. 'झोल'ने संपणारी नावं, मिकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, ही बुरशीवरची. 'सिन'ने संपणारी, निओमायसिन, जेंटामायसिन, ऑफ्लोक्सासिन, ही जंतूंवरची. आणि क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडं. डास चावलेल्या जागी बुरशी नाही, जंतूही नाहीत. शिवाय निओमायसिनची स्वतःचीच ॲलर्जी अनेकांना होते. म्हणजे खाज जावी म्हणून लावलेल्या ट्यूबेनेच नवी खाज सुरू होते.

स्टिरॉइडला मी सरसकट वाईट म्हणत नाही. दाह शमवायला ते उत्तम औषध आहे. सगळ्यात सौम्य ते हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. मोठ्या माणसाच्या हातापायावर डंखाची खाज फारच छळत असेल तर पातळ थर, दिवसातून एक-दोनदा, तीन-चार दिवस, एवढ्यापुरतं ते योग्य आहे. क्लोबेटासोल त्याच्या कित्येक पटींनी तीव्र आहे. त्वचेचे डॉक्टर जाड कातडीच्या हट्टी आजारांवर ते मोजून वापरतात. तीव्र स्टिरॉइड चेहऱ्यावर, जांघेत किंवा मुलांच्या कोवळ्या कातडीवर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, पांढऱ्या भेगा पडतात, चेहरा लाल होतो, पुळ्या येतात. आणि डंख समजून लावलेला डाग खरं तर नायटा असेल तर खाज तात्पुरती थांबते आणि नायटा आतल्या आत पसरत जातो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं यावर तळमळीने बोलत आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या चौदा मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, ती याच कारणाने. तरी काउंटरवरून ती मिळतात.

मीही दिली आहेत, ताई. दुकानाच्या चौथ्या की पाचव्या वर्षी एक तरुण आई महिन्याला एक अशी ट्यूब न्यायची. बाळाला डास चावतात म्हणायची. मी विचारलं नाही. एक दिवस तिने बाळ माझ्यासमोर धरलं. गालांवरची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली होती, खालच्या शिरा दिसत होत्या, आणि गालांवर बारीक लव आली होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिला ट्यूब बंद करायला सांगितली होती. ती भांडायला आली नव्हती. "आता दुसरी कुठली लावू?" एवढंच विचारत होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायला लागले.

तेव्हा त्या दोन मिश्र ट्यूबा गावी नेऊ नका. पाकिटावर उभी लाल रेघ आणि 'आरएक्स' अशी खूण असेल तर ते औषध दुकानात कितीही सहज मिळालं तरी चिठ्ठीचं आहे. तिसरी हायड्रोकॉर्टिसोनची आहे, ती मोठ्यांसाठी ठेवा, मुदत बघून. चौथी गुलाबी कॅलामाइनची बाटली. कॅलामाइन म्हणजे जस्ताच्या भस्मात किंचित लोहाचं भस्म, म्हणून तो गुलाबी रंग. ते सुकताना गारवा देतं. खूप मोठं औषध नाही, पण निरुपद्रवी आहे आणि लेकीसाठी तेच पहिलं. फक्त त्याच रंगाच्या काही बाटल्यांत कॅलामाइनबरोबर डायफेनहायड्रॅमिन घातलेलं असतं. खाजेचं औषध कातडीवर चोळून त्याचीच ॲलर्जी होऊ शकते, म्हणून साधं कॅलामाइन घ्या. पाचवीवरचं नाव पुसलंय, ती टाकून द्या.

सेटिरिझिनबद्दल. खाज आणि गांधी यांवर मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅमची एक गोळी, चोवीस तासांत एकच, शक्यतो रात्री. तासाभरात गुण यायला लागतो. डंखाच्या खाजेवर ती हमखास चालते असा पुरावा फार पक्का नाही, हेही सांगायला हवं, पण बऱ्याच जणांना आराम पडतो आणि रात्रीची झोप लागते. गोळी घेऊन घाटातून गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी लागते. जुन्या माणसांना 'एव्हिल'ची सवय असते, त्यातल्या फेनिरामाइनने फार गुंगी येते, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्या सासऱ्यांना तर ती नकोच. खाजेवर सर्दीची गोळी देणारे लोकही मी पाहिलेत, कारण तिच्यातही क्लोरफेनिरामाइन हे ॲलर्जीवरचं औषध असतं. पण तिच्यात बहुधा चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिनही असतं, आणि बीपीच्या माणसाला त्याने त्रास होतो.

आता तुमची लेक. दोन ते दहा वर्षांच्या पुष्कळ मुलांना डास-पिसवांच्या चाव्यांवर अशा मोठ्या, कडक गांधी उठतात, आणि नवा डास चावला की जुन्या डागांनाही पुन्हा खाज सुटते. आईला वाटतं रक्तात दोष आहे. दोष नाही. चावताना आत जाणाऱ्या किड्याच्या लाळेची शरीराला सवय होत जाते आणि वय वाढेल तसं हे बहुधा आपोआप कमी होतं. तोवर नखं बारीक कापलेली, झोपताना मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. चावल्याबरोबर ओलं गार फडकं, मग कॅलामाइन. झोप मोडत असेल तर सेटिरिझिनचं सिरप, पण मात्रा तिच्या बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पेटीतच ठेवा. खाजवून फुटलेल्या जागी काहीही चोळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं. पिवळी खपली धरायला लागली तर दाखवायचं. बाम आणि कापराच्या गोष्टी मुलांपासून लांब ठेवा. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि गणपतीत तर आरतीचा कापूर हाताशीच पडलेला असतो.

तुमच्या पत्रात नाहीत, पण गावी भेटतील अशा दोन गोष्टी. एक केसाळ किंवा काटेरी अळ्या. २०२२ च्या पावसाळ्यात बीड-नगरकडे उसात, गवतात घोणस अळीने शेतकऱ्यांना हैराण केलं, ते तुम्ही वाचलं असेल. तिथे चोळायचं अजिबात नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, काटे तिच्याबरोबर निघतात, मग धुवून बर्फ. दुसरा तांदळाएवढा, सडपातळ, लाल-काळा किडा, ट्यूबलाइटखाली येणारा. तो चावतच नाही. अंगावर चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने भाजल्यासारखा चट्टा उठतो, तो बऱ्याचदा रेघेसारखा लांब असतो, आणि लोक त्याला नागीण समजतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवायचा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवायचं आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही.

आणि आता ते, ज्यावर दुकानातलं काहीही चालत नाही. डंखानंतर काही मिनिटांत, अर्ध्या-एक तासात, सगळ्या अंगावर गांधी, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, दम लागणं, उलट्या, भोवळ. यातलं काही दिसलं की सेटिरिझिन देऊन वाट बघायची नाही. ती खाज थांबवते, बंद होणारा घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी उचलत नाही. ते काम मांडीत दिलेल्या ॲड्रिनॅलिनच्या इंजेक्शनचं. १०८ ला फोन करा आणि जी गाडी मिळेल तिने जवळच्या दवाखान्याकडे निघा. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करा, दम लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करून चालवू नका. यजमानांची बीपीची गोळी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर ही ॲलर्जी जास्त जोरात येऊ शकते आणि ॲड्रिनॅलिनलाही दाद कमी मिळते. म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. कोपरापर्यंतच्या सुजेचा अर्थ पुढच्या वेळी जीवावर बेतणार असा होत नाही. बहुतेकांना पुढच्या वेळीही तशीच सूजच येते. एकाच वेळी खूप माश्या चावल्या, आग्या मोहोळ उठलं, किंवा तोंडात, घशात डंख बसला, तर त्रास दिसत नसला तरी दवाखाना.

विंचवाचंही तसंच. कोकणात मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा छोटा लाल विंचू घातक. महाडकडे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसं पाहिली, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि प्राझोसिन या गोळीने माणसं वाचवता येतात हे १९८०च्या दशकात जगाला दाखवलं. ती गोळी घरात ठेवायची नाही, डॉक्टरांनीच बीपी बघत द्यायची. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं, तोंडातून लाळ गळणं, यांची वाट न बघता निघायचं. मूल असेल तर एक मिनिटही घालवू नका. आणि गावाहून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली किंवा गोचीड चिकटलेली आठवली, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पेटीत एवढं ठेवा. साधं कॅलामाइन, पॅरासिटामॉल, सेटिरिझिनच्या सहा गोळ्या, लेकीचं सिरप आणि मात्रेचा कागद, हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब, चिकटपट्टी, साबणाची वडी, दोन स्वच्छ सुती फडकी. सासूबाईंना चुन्याला नाही म्हणण्यापेक्षा गार फडकं त्यांच्याच हाती द्या. कोणी दुखावलं की काहीतरी लावावंसं वाटतं ते मायेपोटी, आणि फडकं धरून बसायला तसंच मायेचं माणूस लागतं.

निघण्याआधी दिरांना फोन करून दोन गोष्टी विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, आणि वाडीत रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल. माळ्यावर चढण्याआधी दिवसाउजेडी खालूनच बॅटरी मारून कौलांखाली, वाशांच्या बेचक्यात बघून घ्यायला सांगा. पोळं दिसलं तर काठीने डिवचू नका, धूर करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. मखर एक दिवस उशिरा उतरलं तरी चालेल.